थप्पीवरच्या बांबूनं न सांगितलेला आकडा

मी बांबू. थप्पीत सगळ्यात वर पडलोय, म्हणून बोलणं माझ्या वाट्याला आलं. खालचे सगळे दबलेले आहेत.

जन्म माझा अहेरीकडच्या जंगलातला. पावसाळ्यात कोवळं डोकं वर काढलं, तोच बायका भाजीसाठी वास्ते, म्हणजे आमचे कोवळे कोंब, तोडायला आल्या. मंगलीबाईनं माझ्यावर ठेवलेला हात उचलला. "याले राहू द्या वो, वाढू द्या." मोठा झाल्यावर कोयता घेऊन आली तीही मंगलीबाईच. वाचवणारी तीच, कापणारी तीच. राग धरू तर कुणावर?

आमचं जंगल ग्रामसभेचं, बांबू विकायचाही सभेनंच. हल्ली बोली लागते मोबाईलवर. गावात टॉवर लागतो तो आमच्या थप्पीवर चढलं तरच. म्हणून सभेचा मोबाईल सांभाळणारी दिव्या माझ्याच पाठीवर बसते, आणि लिलाव मला बसल्या जागी कळतो.

लिलावात सभेनं आधी एक राखीव किंमत ठरवायची असते. बोली तिच्या खाली थांबली, तर माल देणं नाही. आकडा व्यापाऱ्याला दिसत नाही. त्याला कळतं एवढंच, की गाठला की नाही.

पण सभेची गोष्ट लपवायची आमच्या गावाला सवयच नाही. पहिल्या थप्पीचा आकडा मोहाच्या झाडाखाली मोठ्यानं ठरला, आणि पोचूभाऊ तो बाजारात छाती फुगवून सांगून आला. मग काय? बोली आली ती नेमकी तेवढीच. त्यावर कुणी हललंही नाही. राखीव किंमत गाठली होती, माल द्यावा लागला.

मंगलीबाई तापली. "व्यापारी आपलं पोट झाकून ठेवते, अन् आपण आपलं उघडं करून दाखवतो! या खेपेले आकडा दोघांनीच ठरवायचा. बाकीच्यांनी इचारायचं नाई."

सभेत गलका झाला. गावचा म्हातारा पुजारी लालसू काठी आपटत म्हणाला, "सभेपासून लपवलं, ते चोरीचं."

"लालसूभाऊ, सणाच्या दिवशी देवाजवळ वाकून तू काय पुटपुटतेस, आम्ही कधी इचारलं काय?"

"नाई."

"काऊन नाई इचारलं?"

लालसूनं टक्कल खाजवलं. "विश्वास हाये म्हणून."

"मंग?"

सभा खदखदून हसली. मंगलीबाईच्या जोडीला दुसरा माणूस म्हणून लालसूलाच धरलं.

"अन् माल पडून राह्यला, भुंगा लागला तं?" पोचूनं विचारलं.

"तं मले पुन्हा सभेत तोंड उघडू देऊ नका," मंगलीबाई म्हणाली.

दोघांनी आकडा ठरवला तो माझ्याच आडोशाला, कुजबुजत. दिव्यानं तो मोबाईलवर टाकला आणि तोंड मिटलं.

आमच्या थप्पीच्या पहिल्या लिलावात बोली चढली, दमली, थांबली. लाल अक्षरं आली, राखीव किंमत गाठली नाही. लगेच व्यापाऱ्याचा फोन. "मावशी, आकडा सांगा, तेवढी बोली लावतो."

"तुमच्या मनात किती हाये ते टाका, भाऊ. आमच्या मनातलं आमच्याजवळ."

माल तसाच राहिला. आकाशात ढग जमू लागले. माझ्या खालच्या बांबूतून पिवळा भुसा गळायला लागला, भुंग्याचा. पोचू येऊन बघून गेला. "बाई, पोखरून राह्यला ना माल! सांगून टाक."

"तू एकदा सांगून आला ना? गावाचं पोट भरलं तेवढ्यानं."

ती उत्तर देऊन मोकळी झाली खरी. पण पोचू गेल्यावर खाली बसून एकेक बांबू ठोकून बघत होती, किती पोखरला ते. तेही मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला दोन व्यापारी अंधारात चाचपडत चढले. राखीव किमतीची रेघ कुठं आहे ते दोघांनाही ठाऊक नाही, आणि दुसरा आधी पोचेल ही भीती दोघांनाही. दिव्या ओरडली, "गाठली!" तरी दोघं थांबेनात, एकमेकांच्या चढाओढीत रेघ मागं टाकून पुढं गेले.

आज ट्रक आलाय. माल चढवता चढवता व्यापाऱ्याचा मुनीम हसून म्हणाला, "मावशी, आता तं सौदा झाला. आता सांगा, तुमचा आकडा किती होता?"

मंगलीबाईनं पदर खोचला. "पुढच्या साली येसान ना बोली लावाले?"

"येईन की."

"मंग कसा सांगू?"

मी निघालो. तुमच्याजवळ विकण्यासारखं काही असेल, तर कशाच्या खाली द्यायचं नाही ते आधी मनात पक्कं करा, मग बाजाराला जा. मला मात्र विचारू नका. मला चिरतील, विणतील, वाकवतील. तरी तो आकडा मी सांगणार नाही. आमच्या बेटात नवे वास्ते उगवलेत.