मास्तरांनी हँडब्रेक उसवला

आता जे सांगतो, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. न बसो. माझं काही अडत नाही. फक्त मध्ये कोणी बोलू नका, एवढंच.

आपले टेलरमास्तर. त्यांनी आयुष्यात कधी वाकडी शिलाई गिऱ्हाइकाच्या हातात दिली नाही आणि आयुष्यात कधी गाडी चालवली नाही. गाडी होती सासऱ्यांची. जुनी, पण अशी जपलेली की पाहुणा आत बसला की त्याच्या चपलांकडेच सासऱ्यांचं लक्ष. दोन पुढच्या सीटांच्या मध्ये प्लॅस्टिकचं लांबट खोकं असतं ना, ज्यातून गिअरचा दांडा वर येतो, मागे हँडब्रेक असतो, पेला ठेवायला खळगा असतो, ते कन्सोल. तेवढं मात्र उन्हानं पांढुरकं पडून तडकलं होतं. त्यावर कोपर टेकलं की चिमटा बसायचा.

सासऱ्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना विश्रांतीसाठी लेकीच्या घरी धाडलं. सोबत गाडीही आली. पण चालवायची नाही, अशी तंबी. मग सासरे रोज जेवण झालं की मागच्या सीटवर जाऊन रुसून बसायचे. किल्ली खिशात, पेपर मांडीवर. डॉक्टरांनी लेकीला आणि जावयाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हसवा, फिरवा, भांडलात तरी चालेल. पण दचकवू नका. एक मोठा धक्का बसला तर मी काही करू शकणार नाही."

त्या दिवसापासून मास्तर घरात कुकरची शिट्टी वाजायच्या आत जाऊन गॅस बंद करत.

"अहो, बाबांचं मन रमेल असं काहीतरी करा ना," बायको म्हणाली.

मास्तरांकडे सोफ्याच्या कामातून उरलेलं मरून रंगाचं रेक्झिन होतं. त्यांनी मोबाइलवर बघितलं, एक माणूस चहाचा कप हातातून न ठेवता बोलता बोलता अख्खं कन्सोल बाहेर काढत होता. मास्तर म्हणाले, कोटाची कॉलर याहून अवघड. काढू, रेक्झिन चढवू, दुहेरी शिलाई मारू, परत बसवू.

"ओरखडा पडला तर बघा हं, जावईबापू," सासरे म्हणाले. "मी मागेच बसणार आहे. डोळ्यांत तेल घालून."

"बसा ना बाबा. तुमचीच गाडी."

गल्ली उताराची. घर उताराच्या मध्यावर, गाडी घरापुढे, तोंड खाली. खाली जिथे गल्ली संपते, तिथे हमरस्ता. त्यावरून टँकर आणि ट्रक असे जात की आमच्या कपाटातल्या बश्या बोलायला लागत. मास्तर गाडी चालवत नसले तरी बेअक्कल नव्हते. त्यांनी पुढच्या चाकाखाली वीट लावली होती. सासरे बाहेर आले, वीट बघितली आणि तिला पायानं बाजूला लोटलं.

"माझ्या गाडीला वीट? माझा हँडब्रेक काय मेलाय?"

मास्तर तेव्हा घरात पाना शोधत होते. त्यांना हे कळलंच नाही.

काम सुरू झालं. मास्तर शेजारच्या सीटच्या दारातून आत शिरले, छाती कन्सोलवर, पाय बाहेर रस्त्यावर. गिअर न्यूट्रलला घेतला, कारण मोबाइलमधल्या माणसानं तसंच केलं होतं. गोल मूठ फिरवून काढली. दांड्याभोवतीची कातडी पिशवी नखानं सोडवली. पुढचे दोन स्क्रू काढले. कन्सोलचं पुढचं तोंड टुणकन वर आलं. मागचं मात्र ढिम्म.

आता इथे मास्तरांची शिस्त समजून घ्या. जुना कपडा उसवताना ते कधी ओढत नाहीत. ओढणारा फाडतो. कपडा सुटत नसेल तर कुठेतरी टाका राहिलाय, तो शोधायचा आणि तोडायचा. खरा राहिलेला स्क्रू पेल्याच्या खळग्यात, रबराच्या चकतीखाली होता. तिथे मास्तरांनी बघितलंच नाही. त्यांनी हँडब्रेकच्या फटीतून हात आत घातला, पार कोपरापर्यंत, अस्तरात घालतात तसा, आणि बोटांनी चाचपडत गेले. खाली गार लोखंड लागलं, आणि बोल्टची डोकी.

"हा बघा, इथे राहिलाय टाका!"

"जोर लावू नका," मागून सासरे.

"जोर कुठे बाबा, नुसतं उसवतोय."

पहिला बोल्ट कुरकुरत सुटला. दुसरा त्याहून कुरकुरत. सासऱ्यांच्या डोळ्यांतलं तेल तोवर संपलं असावं. पेपर तोंडावर आला आणि खालून घोरणं सुरू झालं. मास्तरांनी शेवटच्या बोल्टला पाना लावला. तो बोल्ट कन्सोलचा नव्हता हो. हँडब्रेकचा अख्खा सांगाडा त्यानं जमिनीला धरून ठेवला होता.

खाड्!

ओढून ठेवलेल्या तारेनं सांगाडा मागे खेचला. तो कन्सोलला आतून भिडला आणि मास्तरांचं मनगट मध्ये गच्च अडकलं. कळ थेट दाढेत गेली. पण कळ राहिली बाजूला. मास्तरांनी मान वळवून दारातून बाहेर बघितलं, तर समोरच्या घराचं फाटक हळूहळू मागे चाललं होतं.

फाटक मागे कसं जाईल, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांची चप्पल रस्त्याला घासायला लागली, आणि त्यांना उमगलं, फाटक नाही, गाडी चाललीय.

आवाज नव्हता. इंजिन बंद. नुसती टायरखाली खडी चुरचुरत होती, कोणीतरी दबक्या पावलांनी चालावं तशी. मास्तरांनी पाय आत ओढले. घशाशी किंकाळी आली. आणि तेवढ्यात मागच्या सीटवर पेपर वरखाली झाला.

दचकवू नका.

मास्तरांच्या गळ्यात मापाची टेप होती. त्यांनी ती दातांत धरली आणि किंकाळी टेपमध्ये चावून टाकली.

शिवणयंत्र पळायला लागलं की शिंपी काय करतो? चाकावर पंजा ठेवतो. हाताला तीच सवय. मास्तरांनी मोकळा हात लांब करून स्टिअरिंगवर पंजा दाबला. किल्ली सासऱ्यांच्या खिशात. स्टिअरिंगनं खट् करून कुलूप लावून घेतलं. गाडीला काय, ती सरळच निघाली होती, सरळच चालली. मग त्यांनी खाली हात घातला. मशीनला पायानं दाबायचा एकच पायटा असतो, इथे तीन! हात जेमतेम पहिल्याला पोचला. तो त्यांनी दाबला, पार तळापर्यंत. तो क्लच. गाडीला त्याचं काय? गाडी आता चालत नव्हती, धावायला लागली होती.

वर गॅलरीत बायको कपडे वाळत घालत होती. तिनं खाली बघितलं, तर बाप आणि नवरा दोघेही निघालेले, आणि चालवायच्या जागी कोणी नाही. ती "बा—" म्हणाली आणि तिथेच तिनं स्वतःच्या तोंडावर हात दाबला. जिना उतरून ती धावत सुटली. एक हात तोंडावर, दुसऱ्या हातानं सगळ्या गल्लीला खुणा: गप्प! गप्प!

आणि खरंच सगळी गल्ली गप्प झाली. सासऱ्यांचं हृदय काचेचं आहे, हे साऱ्यांना माहीत. इस्त्रीवाला इस्त्री हवेत धरून उभा राहिला. सायकलवाल्यानं पंपावरचा हात तसाच ठेवला. दोन बायका भिंतीला चिकटल्या आणि एकमेकींचं तोंड दाबून उभ्या. गाडी त्यांच्यापुढून निघून गेली, आणि मग सगळे तिच्यामागे पळायला लागले, चपला हातात घेऊन, श्वास धरून. कुत्रं धावत आलं, त्यानं तोंड उघडलं, मास्तरांच्या बायकोकडे बघितलं आणि मिटून घेतलं. ओरडून पळणारी माणसं तुम्ही बघितली असतील. न ओरडता पळणारी माणसं बघवत नाहीत.

आतून मास्तरांना ते सगळं तिरपं दिसत होतं. दार उघडंच, ते आपटायला येई आणि परत जाई. नाकावरून घाम टपटप कन्सोलवर पडत होता. थांबवता येत नाही, उडी मारता येत नाही, हाक मारता येत नाही. पुढच्या काचेत फक्त आभाळ, आणि खालून टँकरचा भोंगा वर येतोय, मोठा होतोय. मास्तरांना वाटलं, आपण मेलो तर मेलो. पण हा माणूस झोपेतून उठून समोर टँकर बघेल, आणि टँकर लागायच्या आधीच जाईल. मग आपण वाचलोच, तर बायकोला काय सांगायचं? मरून रंगाचं रेक्झिन चढवायचं होतं म्हणून?

मागून पेपराखालून आवाज आला.

"जावईबापू... हलतंय का काही?"

मास्तरांनी टेप दातांतून सोडली.

"मी... मीच हलतोय बाबा. बोल्ट घट्ट आहे."

"वारा फार येतोय."

"दार उघडं आहे ना."

"मग आस्ते काम करा," सासरे म्हणाले, आणि घोरणं परत सुरू.

गाडी गतिरोधकावरून उडाली. मास्तरांचं डोकं छताला लागलं आणि अडकलेलं मनगट आत दोन बोटं पुढे सरकलं. तिथे त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं. तार. सैल पडलेली, जाड, मागच्या चाकांकडे गेलेली. आता लोखंड, बोल्ट, पायटे यांतलं मास्तरांना काही कळत नसेल, पण ताण गेलेला दोरा? तो त्यांना झोपेतही कळतो. त्यांनी ती तार ओढली. गाडी शहारली. मागचं चाक किंचित कण्हलं. त्यांनी जीव खाऊन ओढली. गाडी अडखळली, वेग जरा उतरला, आणि ग्रीसनं बोटं निसटली. पुन्हा ओढली, पुन्हा निसटली. इस्त्रीच्या दुकानापुढचं लिंबाचं झाड गेलं, पाण्याची टाकी गेली. आता गल्लीत काही उरलं नव्हतं. उरला होता हमरस्ता.

आणि इथेच ऐका. मास्तरांच्या कॉलरला कायम एक वाकडी सुई टोचलेली असते, सोफ्याची, नायलॉनचा दोरा ओवलेली. त्यांनी ती ओठांनी उपसली, मोकळ्या हातात घेतली आणि फटीतून आत नेली. चालत्या गाडीत, उलट्या डोक्यानं, न बघता! तार आणि सीटचं लोखंड, एका टाक्यात धरलं. ओढलं. दुसरा टाका. गाडी म्हणाली, कुईं. तिसरा, काजाला घालतात तसला, गाठीचा. धूर निघाला टायरमधून. सगळी गल्ली मागे उभी राहिली, डोळे मिटून. मास्तरांनी चौथा टाका घातला, दातांनी दोरा ताणला, आणि गाडी थांबली! कुठे? टँकरची सावली बॉनेटवरून सरकत गेली, पण टँकर नाही लागला. इतक्या जवळ! नंबरप्लेटवरची धूळ टँकरच्या वाऱ्यानं पुसली गेली. आणि मागच्या सीटवर आपले बाबा, त्यांना काही पत्ताच नाही! लहान मुलासारखे गाढ झोपलेले, तोंडावर पेपर, घोरणं एका लयीत...

"ए, पुरे! पुरे कर रे लबाडा!" दाराजवळच्या खुर्चीतून मास्तरांचे सासरे काठी आपटत उठले. "कसलं घोरणं? दातखिळी बसली होती माझी, तिचा आवाज होता तो! फाटकापासून टक्क जागा होतो मी. पेपराला भोक पाडून सगळं बघत होतो. हा बिचारा आधीच थरथरतोय, आपण ओरडलो तर हाच जाईल, आणि पोरीला काय तोंड दाखवू, म्हणून झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. आणि दोरा? दोऱ्यानं गाडी थांबते का कुठे? चाक गटाराच्या तुटक्या झाकणात गेलं आणि थांबली. आमचे जावईबापू तर तेव्हा डोळे गच्च मिटून 'आई, आई' करत होते!"