करवंटीवरचे दोन डोळे

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. दोन दारांची, दोनच माणसं मावतील एवढी, अन् इतकी ठेंगणी की माझ्यात बसायचं म्हणजे अंथरुणात शिरल्यासारखं. छत कापडाचं होतं, ते उंदरांनी खाल्लं. कंपनीचं नाव नाकावर होतं, तेही झिजून गेलं. मला बनवलं ते फक्त पळण्यासाठी. अन् मी सदतीस वर्षं एका जागी उभी होते.

दिग्रसच्या अलीकडं बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथल्या टिनाच्या शेडमध्ये, सोयाबीनच्या कुटाराखाली, म्हणजे भुशाखाली. शेडजवळून जाताना पोरं डोळे मिटून पळायची. "भुताची गाडी" हेच माझं नाव पडलं होतं. भंगारवाला दोनदा आला. दोन्ही वेळा चहा प्याला, माझी गोष्ट ऐकली अन् वजनकाटा न काढताच निघून गेला.

भूत आहे का माझ्यात? खरं सांगते, काहीतरी आहे. भर दुपारी टिन तापलं की माझ्या ब्रेकच्या पेडलवर कोणीतरी पाय दिल्यासारखं होतं. एकदा. मग पुन्हा. तिसऱ्यांदा जीव खाऊन. अन् पेडल जागचं हलत नाही. मग सगळं शांत.

तो पाय हरिसिंगचा.

माझा जन्म फार लांबचा, थंड मुलखातला. एका म्हाताऱ्या कारागिरानं माझा पत्रा वाळूच्या पोत्यावर ठेवून हातोडीनं गोल केला. तो प्रत्येक ठोक्याला थांबून हात फिरवून पाहायचा. मग लाकडी खोक्यातून बोटीनं मुंबई, अन् तिथून दिग्रस. एका जिनिंगवाल्या शेठनं हौसेनं मागवलं होतं मला. पण शेठ मला कापसाच्या बैलबंड्यांच्या मागं मागं, बैलांच्या चालीनं न्यायचे. बाकी दिवसभर मी जिनिंगच्या फाटकात उभी. अंगावर कापसाचा धुरळा बसायचा. तो पुसायचं काम हरिसिंगचं. तो शेठचा ड्रायव्हर.

शेठ घरी जेवायला गेले की हरिसिंग मला मोकळ्या रस्त्यावर काढायचा. तेव्हा मला कळलं की मी कशासाठी जन्मले. तो म्हणायचा, "आपले पूर्वज बैलाच्या पाठीवर मीठ लादून सारा मुलूख फिरले. आपल्याले रस्त्याचं भेव नाही." शेठ थकले तेव्हा त्यांनी मला हरिसिंगलाच देऊन टाकलं. म्हणाले, "ही तुझंच ऐकते."

हैदराबादेकडं हौशी लोकांची जुन्या गाड्यांची शर्यत होती. हरिसिंग तोवर कधी शर्यतीत उतरला नव्हता. त्याच्या बायकोला, हंसाबाईला, हे पटलंच नाही. नवं लग्न होतं. निघायच्या सकाळी दोघांचं चांगलंच वाजलं.

"बक्षीस नाही, पैसा नाही, अन् मरायले चालला का?"

"मरत नाही वं. पळवून आणतो अन् येतो."

हंसाबाई रागानं घरात गेली. रागानंच बाहेर आली. हातात नारळ होता. तो तिनं ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवला अन् म्हणाली, "जाय एकदाचा!"

हरिसिंग हसत निघाला.

पुसदच्या अलीकडं घाट उतरतो. तिथं माझं नाक खाली झालं अन् सीटखालून काहीतरी गडगडलं. मला कळलं, त्याला नाही कळलं. नारळ घरंगळत पुढं आला अन् ब्रेकच्या पेडलमागं जाऊन बसला. समोर वळण होतं. हरिसिंगनं पाय दाबला. पेडल हलेना. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा जीव खाऊन दाबला.

पुढचं मी सांगत नाही.

ट्रॅक्टरनं मला वर ओढलं तेव्हा लोक म्हणाले, ब्रेक फेल झाले. कोणी म्हणालं, गाडीच पनवती. माझ्या पोटात सापडलेलं सामान दुपट्ट्यात बांधून हंसाबाईला दिलं. एक चप्पल, एक घड्याळ अन् फुटलेल्या नारळाची अर्धी करवंटी. त्या करवंटीवर शेजारी शेजारी दोन काळे खड्डे होते. हंसाबाईला ते डोळे वाटले. त्याचे डोळे. तिनं ती करवंटी देवाजवळ ठेवली अन् रोज तिच्यासमोर दिवा लावत गेली.

वर्षातून एकदा, त्याच तारखेला, ती शेडमध्ये यायची. कुटार बाजूला करायची, माझ्या काचेतून आत पाहायची अन् विचारायची, "काहून नेलं वं त्याले?"

दर वेळी हेच विचारलं तिनं. माझ्याजवळ उत्तर होतं, मित्रांनो. तोंड नव्हतं.

मग बबलू आला. हा हरिसिंगच्या धाकट्या भावाचा मुलगा. अपघात झाला तेव्हा जन्मलाही नव्हता. दिग्रसला बस स्टँडमागं त्याचं मोटरसायकलचं गॅरेज आहे. कुठं शिकला नाही. मोबाईलवर पाहून अन् दहा वेळा चुकून शिकला. हंसाबाईला लेकरू नाही. बबलूला तिनंच वाढवलं. तो तिला मोठी याडी म्हणतो, म्हणजे मोठी आई.

कुटार काढताना त्याच्या हाताला माझा दिवा लागला. त्या दिवशी तो जेवायलाही गेला नाही.

मला उभं करायला त्याला दीड वर्ष लागलं. रोज गॅरेज बंद केलं की यायचा. सोबत पिंटू, त्याचा दोस्त. पिंटूचं काम म्हणजे पाना देणं अन् नावं ठेवणं.

"बबल्या, हे गाडी हाये का कढई? कुठंबी हात लाव, गंजच निघून राह्यला."

"तू पाना दे बे."

बबलूनं सगळ्यात आधी ब्रेक उघडले. सगळं गाव म्हणत होतं ब्रेक फेल. त्यानं एकेक भाग चिमणीच्या उजेडात धरावा तसा डोळ्याजवळ धरून पाहिला. 

"पिंट्या, ब्रेक तं चांगले होते बे. काहीच तुटलं नाही."

"मंग लागले काहून नाही?"

"तेच तं समजून नाही राह्यलं."

"तेच तं भूत हाये," पिंटू म्हणाला अन् शेडच्या बाहेर जाऊन बसला.

इंजिन सुरू झालं तेव्हा अख्खा तांडा जमला. हंसाबाई मात्र आली नाही.

नागपूरकडं एक बंद पडलेली धावपट्टी आहे. तिथं हौशी लोक जुन्या गाड्या पळवतात. एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी शर्यत. नवशिक्यालाही घेतात, पण आधी सगळं शिकून या म्हणतात. बबलूनं डॉक्टरचं सर्टिफिकेट काढलं, हेल्मेट घेतलं, आगीला टिकणारे कपडे घेतले, माझ्यात नवे पट्टे बसवले. झेंडे शिकायला पिंटूला बांधावर उभं केलं. पिंटू घरची पिवळी चादर हलवायचा.

"हा कोणता झेंडा?"

"पिवळा. हळू कर."

"अन् लाल?"

"लाल चादर तुह्या घरी हाये का?"

"लाल लुगडं हाये आजीचं."

"मंग ते दिसलं की थांबायचं."

सगळं जमलं. एकच राहिलं होतं. मी अजून हरिसिंगच्या नावावर होते, म्हणजे हंसाबाईची. तिचा हो पाहिजे होता.

"मोठी याडी, एक खेप चालवू दे मले."

हंसाबाई तूर निवडत होती. वर पाहिलं नाही. "तोही हेच म्हणे. एक खेप."

"ब्रेक मी हातानं बसोले. मह्यावर भरोसा नाही का?"

"तुह्यावर हाये. तिच्यावर नाही. तिनं एक नेला. मह्याजवळ आता तू एकलाच हायस."

बबलू तिथंच बसून तिच्यासोबत तूर निवडायला लागला. सूप रिकामं झालं तेव्हा हंसाबाई म्हणाली, "एका बोलीवर. नारळ मी ठेवीन. त्या खेपेले म्या रागानं ठेवला, जाय एकदाचा म्हटलं, म्हणून तो पावला नाही. सदतीस वर्स झाले, तेच डोक्यात फिरते. या खेपेले मनापासून ठेवते. तिथंच, त्याच्याच सीटखाली. परत येईस्तोर त्याले हात नोको लावू."

मित्रांनो, त्या दिवशी मला हॉर्न वाजवता आला असता तर मी तो बॅटरी उतरेपर्यंत वाजवला असता.

शर्यतीच्या दिवशी तिनं मला कुंकू लावलं. नारळ आधी कपाळाला लावला, मग वाकून सीटखाली ठेवला. टेम्पोत चढवून मला धावपट्टीवर नेलं. तिथं माझ्यासारख्या वीस-बावीस जुन्या गाड्या होत्या. सगळ्या चकचकीत. पिंटू त्यांच्याकडं पाहून हळूच म्हणाला, "आपली कढईच हाये बे."

गाडी तपासायला प्रेरणा मॅडम होत्या. त्यांच्या हातात टॉर्च अन् कागद. चालवणारा नवशिका आहे हे दिसावं म्हणून माझ्या मागं त्यांनी पट्टीची फुली चिकटवली. मग आत वाकून म्हणाल्या, "गाडीत सुटं काही नको. पेन नको, पाण्याची बाटली नको, नाणंसुद्धा नको. जोरात ब्रेक मारला की सगळं पायाशी येतं."

बबलूनं तोवर नारळ हेल्मेटच्या पिशवीत लपवला होता. "काहीच नाही मॅडम," तो म्हणाला. मॅडमनी टॉर्चनं सगळीकडं पाहिलं अन् बरोबरची खूण केली.

त्या पुढच्या गाडीकडं वळल्या तसा बबलूनं नारळ पुन्हा सीटखाली सरकवला.

पिंटूनं पाहिलं. "मॅडम नाही म्हणल्या ना बे?"

"मोठ्या याडीले शब्द देल्ला हाये."

आमचा नंबर शेवटचा. सूर्य डोक्यावर आला होता, अन् मला तो पाय जाणवायला लागला होता. तीच वेळ. हिरवा झेंडा पडला. बबलूनं मला सोडलं.

काय सांगू तुम्हाला! सदतीस वर्षांचं कुटार माझ्या अंगावरून उडून गेलं असं वाटलं. बबलू हेल्मेटमध्ये ओरडत होता. पट्टीच्या टोकाला ड्रम मांडले होते, तिथं हळू करून वळायचं होतं. त्यानं पहिल्यांदा हलका ब्रेक मारला. माझं नाक खाली झालं.

सीटखालून काहीतरी गडगडलं.

बबलूनं पाय दाबला. पेडल हलेना. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा जीव खाऊन दाबला. त्या तिसऱ्या वेळी माझ्या पेडलवर एकच पाय नव्हता, दोन होते. हे मी आजही शपथेवर सांगते.

पण हा घाट नव्हता. बबलूनं हँडब्रेक ओढला अन् मला ड्रमच्या बाजूनं माळावर जाऊ दिलं. मी गवतात तीन वेळा फिरले, एक चाक उचललं, पुन्हा टेकवलं अन् थांबले.

लाल झेंडे हलले. पिंटू धावत निघाला. बबलूनं पट्टे सोडले. त्यानं पायाशी हात घातला अन् नारळ बाहेर काढला. नारळावर, शेजारी शेजारी, ग्रीसचे दोन काळे खड्डे होते. पेडलच्या मागं रबर धरून ठेवणारे दोन नट आहेत, त्यांचे ते ठसे. तो त्यांच्याकडं पाहतच राहिला. त्यानं ते डोळे लहानपणापासून रोज दिव्यासमोर पाहिले होते.

प्रेरणा मॅडमनी त्याला सगळ्यांसमोर धुतलं. तीन महिने बंदी. तो मान खाली घालून ऐकत होता. टेम्पोत पिंटूला एवढंच म्हणाला, "मोठ्या याडीले सांगू नोको. ते मरून जाईन."

तांड्यावर पोचलो तेव्हा हंसाबाई रस्त्यावरच उभी होती. सकाळपासून तिथंच असावी. तिनं बबलूचे दोन्ही हात चाचपले, तोंड चाचपलं.

"आला?"

"आलो. पाह्य, काही नाही झालं."

"मंग आण नारळ. फोडू, वाटू."

"ते... तिकडंच देवाले वाह्यला."

"बबलू, मह्याकडं पाह्य."

मोठ्या याडीसमोर बबलूला खोटं बोलणं कधी जमलंच नाही. त्यानं पिशवीतून नारळ काढून दिला. हंसाबाईनं तो हातात फिरवला. बोटं त्या दोन खड्ड्यांवर थांबली. ती घरात गेली अन् अर्धी करवंटी घेऊन आली. दोन्ही शेजारी धरलं. खड्ड्याला खड्डा. अंतराला अंतर.

मग ती माझं दार उघडून खाली बसली. वाकली. पेडलमागं हात घालून तिनं बोटानं चाचपलं. एक नट. दुसरा नट. तिनं ती जुनी करवंटी तिथं लावून पाहिली. करवंटी नीट बसली.

 मग माझ्या पत्र्यावर तिचा तळहात आला. सदतीस वर्षांत पहिल्यांदा.

"तू नाही नेलं वं," ती म्हणाली.

बबलू तिच्याजवळ बसला. "तूबी नाही नेलं, मोठी याडी. तुले काय मालूम होतं?"

"हाव. मले काय मालूम होतं." पत्र्यावरचा हात न काढता ती म्हणाली, "दरवर्सी हिले विचारत होती. आता कोणाले विचारू?"

बबलूनं पेडलमागची करवंटी काढून तिच्या ओटीत ठेवली. 

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी हंसाबाई टेम्पोत पुढं बसून आली. तिनं नारळ माझ्या चाकासमोर दगडावर फोडला अन् सगळ्यांना वाटला, प्रेरणा मॅडमनाही. मॅडमनी टॉर्च काढली तेव्हा हंसाबाई आधीच माझ्यात वाकलेली होती. सीटखाली, पेडलमागं, कानाकोपऱ्यात तिचा हात फिरत होता. ती उठली अन् म्हणाली, "काही नाही. पाहा तुम्हीबी." बबलू शेवटून तिसरा आला. पिंटूनं तांड्यात पहिलाच सांगितला.

मित्रांनो, तुम्ही कोणाला जीव लावता ना, तर तो त्याच्या पायाशी सुटा ठेवू नका. अन् एखाद्या वस्तूला भुताची म्हणण्याआधी एकदा वाकून आत पाहा. आमच्यासारख्यांना तोंड नसतं. आमच्या अंगावर फक्त खुणा असतात.

करवंटी अजून देवाजवळ आहे. दिवाही लागतो.

अन् टिन तापलं की दुपारी तो पाय अजून येतो. पण आता तीनदा नाही. एकदाच येतो, हळूच दाबतो, अन् पेडल खालपर्यंत जातं.