झाडीतली मोजणी

काचेवर ती तिळाएवढी गोचीड आठही पाय पसरून पडली होती, आणि सूक्ष्मदर्शकाचं चाक अर्धा वळसा फिरवल्यावर तिच्या पायांवरचे बारीक केससुद्धा दिसू लागले – किती नीटनेटकी, किती बिचारी दिसते ही... सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या तिने डोळा न हलवता नोंद केली. या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढल्यावर हात आपोआप लिहितो. पण आज तो अडखळत होता, कारण ही गोचीड मामाच्या काखेतून निघाली होती.

"पंच्याहत्तरीच्या माणसाला हा ताप जड जातो," पलीकडच्या टेबलावरची डॉक्टरीण म्हणाली – सांभाळून, मान वर न करता. "झाडीच्या बाजूचा हा सातवा पेशंट. पिंजऱ्यांत काय निघालं?"

"पन्नास लावले होते. अठ्ठेचाळीस उंदीर, दोन रिकामे."

"सगळे एकाच जातीचे?"

"सगळे."

झाडी... दोन वसाहती आणि एक रस्ता यांच्या मधे उरलेल्या त्या पट्टीला झाडी म्हणायचं. मी नऊ वर्षांची असताना ती संपायचीच नाही. मामा वनखात्यात, प्राण्यांच्या मोजणीला. सुट्टीत सकाळी तो पिंजरे बघायला निघाला की मी वही घेऊन त्याच्या मागे, दवाने फ्रॉकचा घेर भिजलेला, पायांत काटे... दार उघडण्याआधी तो पिंजऱ्याला कान लावायचा. "ओळख, मोजणीवाली!" आणि मग कधी चिचुंद्री निघायची, कधी खार, कधी फिस्कारणारं मुंगूस, एकदा तर स्वतःच वाट चुकून शिरलेला जाडजूड सरडा, आमच्यावरच डोळे वटारणारा. अकरा-अकरा प्रकार भरायचे वहीत. उंदीर निघाला की मी रुसायची – उंदीर काय, घरातही असतो – आणि तो हसायचा, "असू दे गं, त्यालाही घे. नाव गाळलंस तर रुसेल तो." त्याच उंदराच्या रक्तात हा ताप मुकाट राहतो, त्याला काही न होता, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं... गोचिडी तेव्हाही होत्याच. पण त्यांना रक्त प्यायला दहा दारं होती, खारीचं, सशाचं, सरड्याचं, आणि त्यातल्या बहुतेकांच्या अंगात हा जंतू तगायचाच नाही. आता एकच दार उरलंय, आणि त्याच्या शेजारी माणसाचं. घुबडं गेली, रानमांजरं गेली, साप गेले. उंदरांना रान मोकळं.

साप... तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. चौदा वर्षांपूर्वी वसाहतीचा अध्यक्ष घेऊन आला होता तो अर्ज – सापांचा उपद्रव होतो, तरी झाडी साफ करून मिळावी – आणि तिने दारातच, डाव्या हातातला चहाचा कप खालीही न ठेवता, सही ठोकली होती. मुलगी लहान होती. पायरीवर एक कात सापडली होती. बस्, एवढंच. मामाला हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

दुपारी भेटायच्या वेळेला ती त्याच्या खाटेशी जाऊन बसली. तो उशीत बुडाल्यासारखा दिसत होता. ओठ सुकलेले, डोळे मात्र तेच, उत्सुक.

"काय निघालं पिंजऱ्यांत?"

"उंदीर."

"आणि?"

"उंदीरच, मामा. अठ्ठेचाळीस."

तो हसला, हसता हसता खोकला. "मग वही भरायला सोपं गेलं असेल."

आता नाही तर कधीच नाही. "मामा, झाडी साफ करायचा तो अर्ज आला होता ना... त्यावर माझी सही होती."

"माहीत आहे की," तो म्हणाला. "सतरावी तुझी. तिच्याखाली माझी."

तिला वाटलं, तापात बरळतोय. पण तो शांतपणे छताकडे बघत होता. "तुझी मामी सापाला फार भ्यायची. तरी दोन दिवस मी तो कागद तसाच ठेवला होता. मग तुझी सही दिसली... म्हटलं, पोरगी यातलंच शिकलीय. तिला कळतच असेल."

कळत असेल! मी तर वाचलाही नव्हता अर्ज नीट... आणि हा, ज्याला त्या झाडीतला प्राणी न् प्राणी आवाजावरून कळायचा, तो दोन दिवस थांबला आणि माझ्यावर भरवसा ठेवून मोकळा झाला. परिचारिका आली, ताप मोजला, "एकशे तीन" म्हणून लिहून निघून गेली.

इतकी वर्षं ती ज्या रागाला भ्यायली होती तो कुठे नव्हताच. मामा रागावला असता तर बरं झालं असतं... निदान रडता तरी आलं असतं. मामाचे डोळे मिटत आले. चादरीवरून त्याचा कढत हात सरकत आला आणि तिच्या मनगटावर विसावला, सवयीने, निर्धास्त – आणि तिला तो सोडवून घ्यावासा वाटला, आणि सोडवताही येईना. आपल्यावर अजून किती कोण कोण असं निर्धास्त विसंबून असेल, हे मोजत ती तशीच बसून राहिली.