हिमांशू उत्तर देतो

हिमांशू दोन वर्षांचा झाला तरी साधं 'माय' म्हणेना. त्याची आई दुर्पता दर आठवड्याला माझ्या अंगणवाडीत येऊन तेच रडगाणं गायची. माझा स्वभाव मुळात तापट, पंचवीस वर्षांच्या नोकरीनं तो आणखी बिघडवलेला.

"दिवसभर नाव घेऊन बोल त्याच्याशी," मी म्हटलं. "ऐकल्याशिवाय पोर बोलणार कसं?"

"मोहफुलं वेचाले आमी जंगलात राहतो, बाई. तिथं नाव घेऊन हाक नाही मारत. नुसती कूऽ करतो. कोन नाव आयकून राहते, काय मालूम."

"मग राहू दे मुका," मी खेकसले. तिचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवसापासून ती मोहाखाली त्याला नावानं हाका मारू लागली.

नवव्या दिवशी निरोप आला, हिमांशू बोलतो. मी मोठ्या तोऱ्यात तिच्या घरी गेले.

भर दुपार होती. पोरगा उंबऱ्यावर, नागझिऱ्याच्या झाडीकडे तोंड करून बसला होता. "हो," तो म्हणाला. मग मान कलती करून ऐकत राहिला. "हो. येतो."

दुर्पता हरखली होती. मला मात्र ते खटकलं. शेकडो पोरं माझ्यासमोर बोलायला शिकली. पोर आधी मागतं. दे म्हणतं, पाणी म्हणतं. हा काहीच मागत नव्हता, नुसती उत्तरं देत होता. आईनं हाक मारली तर वळूनही पाहीना.

"उद्या," तो झाडीला म्हणाला. उद्या म्हणजे काय, हे या वयाच्या एकाही पोराला कळलेलं मी पाहिलेलं नाही.

"दुर्पता, उद्या याला जंगलात नेऊ नको. माझ्याकडे ठेव."

"काऊन? तुमीच तं सांगितलं होतं."

"माझं चुकलं," मी म्हटलं. हे शब्द मी फार कमी वेळा उच्चारले आहेत.

तेवढ्यात हिमांशू वळला. आईकडे सरळ पाहत म्हणाला, "माय."

दुर्पतानं झडप घालून त्याला उचललं, छातीशी धरलं. दोन वर्षं ती या एका शब्दासाठी झुरली होती. तिच्या हसण्यारडण्यात त्याचा पुढचा शब्द तिला ऐकूच गेला नाही.

"जातो."

मी दोघांना घरात ओढलं, दाराला आतून कडी घातली आणि त्याचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

"बाई," दुर्पता हसत म्हणाली, "तुमी काऊन रडून राहिल्या?"