उशिराची थाप

वामनराव स्टुलावर चढून खंजेरी कपाटाच्या माथ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे कोंबत होते, तेवढ्यात फाटक वाजलं. कानात मशीन आल्यापासून त्यांना फाटकाची कुरकुरसुद्धा ऐकू यायची, आणि ती त्यांना मुळीच आवडत नसे. पस्तीस वर्षं शांततेत काढलेल्या माणसाला मुलाने, सौरवने, मागच्या महिन्यात हौसेने मशीन आणून दिलं. ते म्हणजे घरात बडबड्या भाडेकरू ठेवल्यासारखंच झालं होतं.

दारात नत्थूजी उभे होते, पेटी पोटाशी धरून. मागे टाळांची पिशवी घेतलेल्या प्रेमिलाबाई आणि कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतली आणखी चार माणसं. सगळी वामनरावांच्या नोकरीच्या काळातली, आता पिकली पानं. दोन बस बदलून हुडकेश्वरला आली होती.

"काहून जी वामनराव, पाहुणे येऊन राहिले आन् तुमी स्टुलावर?"

"कोणं बोलावलं तुमाले?"

"बोलावते कोण? आज गुरुवार. बारी रंभाबाईची."

भजन मंडळाचा नियम वामनरावांना पाठ होता. दर गुरुवारी एकेका घरी भजन, आणि ठरलेली बारी कशानेही चुकवायची नाही. घरात संकट असलं तर एवढंच, की त्या दिवशी गाऱ्हाणं गायचं नाही, मागणं मागायचं नाही. नुसतं देवाचं गुणगान करायचं. हा नियम त्यांच्या बायकोनेच, रंभाबाईंनीच घातलेला. आणि रंभाबाई आता आतल्या खोलीत पलंगावर होत्या. सात महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात नेला आणि वाचाही नेली. जिच्या गळ्यावर अख्खं मंडळ चाललं, तिला आता पाणी मागायचं तरी नुसता हुंकार द्यावा लागे. त्या दिवसापासून वामनरावांनी देवाशी अबोला धरला होता. देव्हाऱ्यात दिवा सून लावायची. हे तिकडे फिरकतही नसत.

"गुणगान काय करू त्याचं?" ते म्हणाले. "लय चांगलं केलं म्हणू?"

चपला काढून नत्थूजी सरळ आतल्या खोलीत गेले, सतरंजी पसरली आणि पेटीचं झाकण उघडलं. प्रेमिलाबाई पलंगाच्या कडेला टेकल्या.

"आलो वं रंभा. पाय, सारे आलो."

रंभाबाईंनी एकेकाकडे पाहिलं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथला खंजेरीचा खिळा रिकामा होता. खिळ्यावरून ती नजर हळूच नवऱ्याकडे वळली. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात या नजरेपुढे वामनरावांचं कधीच काही चाललं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने पुन्हा स्टूल ओढलं.

"बाबा, मी काढून देऊ का?" सुनेने, अश्लेषाने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"राहू दे. तू गॅस लाव."

खंजेरीच्या कातड्याला ऊब दिल्याशिवाय ते बोलत नाही. गॅसच्या मंद आचेवर वामनराव खंजेरी फिरवू लागले. वसाहतीत हे काम क्वार्टरच्या अंगणात, शेगडीवर चालायचं. चिमणीची राख तेव्हा सगळ्यांवर सारख्या मायेने पडायची. दोरीवरच्या धोतरांवर, वाळत घातलेल्या पापडांवर, ताणलेल्या कातड्यावरही. पहिली थाप पडली की राखेचा एवढासा ढग उडायचा आणि बायका पदर सावरत हसायच्या. किती साधे दिवस होते ते, आणि किती लवकर सरले!

तेव्हाही एकदा त्यांनी खंजेरी लपवली होती, ज्वारीच्या कोठीत. टायफॉइडमधून उठले ते कान घालवूनच. वय सदतीस. देवाने आपल्याला भजनातून हाकललं, असं म्हणत ते महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेवटी रंभाबाईंनीच खंजेरी शोधून काढली, तिच्यातले दाणे झटकले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या,

"तुमचे कान गेले जी, देवाचे तं नाई गेले?"

त्या गुरुवारपासून त्या त्यांच्या समोर बसू लागल्या. गाता गाता गुडघ्यावर बोटाने ताल धरायच्या आणि वामनराव त्या बोटाकडे बघून थाप द्यायचे. पस्तीस वर्षांत कुणी एका शब्दाने त्यांची चूक काढली नाही. बहिरा असून तालाला पक्का, असा त्यांना स्वतःचा मनातून फार अभिमान होता.

ते आत आले, सतरंजीवर बसले. नत्थूजींनी सूर धरला. सवयीने वामनरावांनी समोर पाहिलं. उजवा हात चादरीवर निपचित पडलेला. पण डाव्या हाताचं बोट हललं. एक, दोन. त्यांना हायसं वाटलं.

आणि मग, पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच, त्यांना आपलं मंडळ ऐकू आलं. नत्थूजींचा आवाज थकलेला होता, प्रेमिलाबाईंचा किनरा. ओळ संपली, टाळ थबकले, पेटीचा एकच सूर लांबत राहिला. वामनरावांची थाप पडली आणि मगच सगळे पुढे सरकले. दुसऱ्या ओळीलाही तेच. तिसऱ्या ओळीला त्यांनी मुद्दाम हात रोखला. अख्खं मंडळ थांबलं. कुणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही, इतकी ती सवय जुनी होती.

त्यांनी खंजेरी मांडीवर ठेवली.

"नत्थूजी, मी मागं पडून राहिलो."

"हो जी."

"कवापासून?"

नत्थूजींनी प्रेमिलाबाईंकडे पाहिलं. "तुमचा टायफॉइड झाला, तवापासून."

"आन् तुमी दर वेळी थांबता?"

"रंभानं सांगून ठेवलं होतं ना सगळ्याइले," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "थाप उशिरा पडली तं पडू द्या, म्हणे. आदमी मागं सुटला नाई पायजे. देवाले काई घाई नाई."

वामनरावांनी पलंगाकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारख्या रंभाबाई अर्ध्या ओठाने हसत होत्या. वामनरावांचा अभिमान तर पार धुळीला मिळाला होता, तरी एवढं सुख त्यांना किती वर्षांत झालं नव्हतं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. हात कानाच्या मशीनकडे गेला. ते काढून ठेवावं, पुन्हा आपलं जुनं बहिरेपण पांघरून घ्यावं, असं क्षणभर वाटलं. मग त्यांनी हात खाली घेतला.

"घ्या जी नत्थूजी," ते म्हणाले. "जय हरी घ्या."

नत्थूजींनी ओळ उचलली. टाळ वाजू लागले. 'जय हरी' म्हणत सगळे ओळीच्या शेवटाला पोचले, आणि पलंगावरून एक घोगरा, वेडावाकडा आवाज आला.

"ज... जय... ह..."

सगळे पुढे निघाले होते. रंभाबाई अजून तिथेच होत्या, एका अक्षराशी झटत, मानेच्या शिरा ताणून. डावं बोट थांबलं होतं.

वामनरावांनी खंजेरी वर उचलली आणि हात तसाच अधांतरी धरून ठेवला. नत्थूजी वळले. त्यांनी एकदा पाहिलं आणि पेटीवरचं बोट दाबून धरलं. सूर लांबत राहिला. टाळ थांबले. दारात अश्लेषा चहाचा ट्रे घेऊन उभी राहिली.

बऱ्याच वेळाने 'री' आलं.

मग वामनरावांनी थाप दिली.