तीन फळ्यांचा हट्ट

जुनं म्हणा, चालेल. बिचारं म्हणू नका, मित्रांनो. मी वैद्यबाईंच्या दवाखान्यातलं लाकडी कपाट आहे. पेशंटचे कागद ठेवायला सुताराने माझ्यात तीन उभ्या फळ्या ठोकल्या आणि चार कप्पे केले.

पहिला, वात. दुखरे गुडघे, उडालेली झोप, कडकडणारी बोटं.

दुसरा, पित्त. जळजळ, आंबट ढेकर, तापट माणसं. बसड्रायव्हरचा कागद अकरा वर्षं इथेच. पोटात जुना व्रण. वर बाईंची लाल शाई: 'तिखट, उष्ण औषध नको.'

तिसरा, कफ. शेंबडी पोरं आणि जेवल्याबरोबर डुलक्या काढणारी मंडळी.

चौथा, आगंतू. म्हणजे बाहेरून आलेलं. कुत्रा चावला, शिडीवरून पडला. हा बहुधा रिकामाच. कंपाउंडरकाका त्यात जेवणाचा डबा ठेवत.

मग साथ आली. बाहेरून आली, म्हणून चौथ्या कप्प्यात. दोन दिवसांत तो तुडुंब भरला. त्यातच बाईंना ताप आला आणि त्या घरी अडकल्या.

काका पकड घेऊन आले. "आता कसला वात नि कसलं पित्त! सगळ्यांना एकच रोग."

कर्र. फळी. कर्र. फळी. कर्र.

वातपित्तकफआगंतू शिक्षिकाड्रायव्हरन्हावीआजीबाळ सगळे एका ढिगात आणि सगळ्यांना एकच काढा सुंठमिऱ्यांचा.

बाई बऱ्या होऊन भिंत धरत धरत आल्या, त्याच सकाळी ड्रायव्हरची बायको दारात उभी होती. "काका, ह्यांचा ताप उतरलाय, पण पोटात नुसती आग पडलीय. शौचाला काळं होतंय."

"साथच आहे ती, वहिनी. काढा वाढवा."

"काढ्यानेच वाढतंय हो!"

"सगळ्या गल्लीला सोसतो, ह्यांनाच काय झालं?"

'काळं' ऐकताच बाई मागून गरजल्या, "काढा बंद! पोटात रक्त वाहतंय. रिक्षा बोलवा, मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता. तिथे जुना आजार विचारतील. कागद कुठंय, काका?"

काकांनी ढिगाकडे बोट दाखवलं. बाई फरशीवर बसून उपसत राहिल्या. बाहेर रिक्षा हॉर्न मारत होती. कागद अगदी तळाशी निघाला. लाल शाई वाचून काका कागद घेऊन रिक्षाकडे धावले.

तीन बाटल्या रक्त चढलं, तेव्हा ड्रायव्हर वाचला.

"काका, रोग एकच आला असेल," बाई म्हणाल्या, "पण तो शिरला कुणाकुणात, ते कोण बघणार?"

काकांनी स्वतःच्या हाताने फळ्या बसवल्या. एक चिरली होती, तिला पत्र्याची पट्टी मारली. परवा कुणी सुचवलं, हे डबडं काढा, एकाच मोठ्या खणाचं लोखंडी आणा. काका माझ्यापुढे उभे राहिले. "हात तर लावून बघा."

मित्रांनो, मला पॉलिश नको, दया तर नकोच. पुन्हा साथ येईल, पुन्हा कुणीतरी घाईघाईने पकड घेऊन येईल. त्याला अडवा. ऐकलं नाही, तर दुसऱ्या कप्प्यातला ड्रायव्हरचा कागद त्याच्यापुढे धरा. लाल शाई अजून पुसलेली नाही.