बाबांकडे लक्ष

“बाबांकडे लक्ष दे गं. ते आपणहून काही सांगायचे नाहीत,” दवाखान्यातल्या खाटेवरून आई म्हणाली होती. लेकीने तिचा हात हातात घेऊन शब्द दिला.

आई गेली. घड्याळं दुरुस्त करणारे बाबा दुपारी दुकान बंद करून बाहेर पडू लागले. “पत्ते खेळायला,” म्हणायचे. एकदा त्यांना चक्कर आली, तेव्हा लेकीने गुपचूप त्यांच्या फोनमध्ये अशी सोय केली, की ते कुठे आहेत ते तिला तिच्या फोनच्या नकाशावर निळ्या ठिपक्याने दिसावं. तो निळा ठिपका मित्रांकडे कधी गेलाच नाही. रोज दवाखान्यामागच्या बागेत जाऊन थांबायचा. एक दिवस ती मागोमाग गेली. आई होती त्या खोलीच्या खिडकीसमोरच्या बाकावर बाबा एकटेच, रुमालाने डोळे टिपत बसलेले. संध्याकाळी घरी येऊन मात्र म्हणाले, “आज सगळ्यांना लोळवलं!”

लेक तेव्हा पहिल्या वर्षाला होती. त्या वर्षी विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना एकच पुस्तक वाचायला दिलं होतं. फोन आपल्यावर कशी नजर ठेवतो, आपलं खाजगी ते किती उरतं, याबद्दलचं. वाचून प्रत्येकाने काय वाटलं ते लिहायचं, आणि निवडक लेखन शनिवारी सभागृहात पालकांसमोर वाचायचं. लेकीने बाकावरचे बाबा लिहिले. ते निवडलं गेलं. बाबांनी शनिवारसाठी सदऱ्याला कडक इस्त्री करून ठेवली.

शुक्रवारी सकाळी शिकवणाऱ्या मॅडमनी तिला बोलावून घेतलं. “वाचताना नाव कुणाचंच घ्यायचं नाही हं.”

“पण मॅडम, बाबा समोर बसणार. त्यांना त्यांचं बाकडं ओळखू येईल.”

“अगं, सुरुवातच किती छान आहे. ऐक. ‘आई जाताना म्हणाली, बाबांवर लक्ष ठेव.’”

मॅडमच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि लेक चपापली. बाबांवर? असं लिहिलं आपण? आई तर ‘बाबांकडे’ म्हणाली होती! लक्ष ठेवतात चोरावर, उतू जाणाऱ्या दुधावर. माणसाकडे लक्ष द्यायचं असतं. तिने शब्द व्रतासारखा पाळला होता, पण भलताच.

“मॅडम, हे परत द्या ना. हे माझं नाहीच, बाबांचं आहे.”

मॅडमनी चष्मा काढला. “आता ऐन वेळी दुसरं कुठून आणू मी?” मग कागद पुढे सरकवत हसल्या. “पुस्तक खरंच वाचलेली तू एकटीच दिसतेस.”

दुपारी घरी बाबा चपला शोधत होते.

“बाबा, उद्या मी काही वाचणार नाहीये. आणि… तुम्ही कुठे जाता ते मला फोनवर दिसत होतं. तुम्हाला न विचारता केलं मी. चुकलं माझं. हे बघा, तुमच्यासमोर काढून टाकते.”

बाबा वाकून चपला पायात घालू लागले. “म्हणजे पत्त्यांत मी रोज हरतो, तेही दिसलं असेल.”

तिला हसू आलं, आणि रडूही. “मी येऊ का तुमच्याबरोबर?”

“एकट्याने कसले पत्ते,” एवढं पुटपुटून बाबा बाहेर पडले. दार उघडंच ठेवून.

तिने आपला फोन टेबलावर पालथा ठेवला, चपला पायात सरकवल्या, आणि दार हलकेच ओढून घेत ती त्यांच्या मागून निघाली. कोपऱ्यावर त्यांना गाठून बरोबरीने चालू लागली.